दिलेले : माझी उंची १७२ सेंटिमीटर

पक्ष

एक सपाट अंगण. अंगणात एक इमारत, तळमजला अधिक चार. गच्चीला कठडा नाही, म्हणजे चौथ्या मजल्याचं छत हाच इमारतीचा माथा. त्याच अंगणात, त्याच उन्हात, अनवाणी उभा असलेला एक गणिताचा मास्तर, उंची १७२ सेंटिमीटर. मास्तरची सावली सव्वा मीटर. इमारतीची सावली साडेअकरा मीटर. मास्तर त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो.

(शेवटचं वाक्य गणिताला लागत नाही. पोरं म्हणतात, 'सर, गणितात एक माहिती उगाच घातलेली असते.' तशी ती मलाही उगाचच वाटली होती.)

साध्य

इमारतीची उंची काढणे. बस, एवढंच. यापेक्षा गरीब साध्य कोणी मांडून दाखवावं.

रचना

वरून परिपत्रक आलं की गणित जीवनाशी जोडावं. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून विचारलं, "सर, तुमचं गणित जीवनाशी जोडलेलं आहे का?"

"बाई, सव्वीस वर्षं त्याच्यावरच घर चाललंय."

"तसं नाही चालणार. फोटो लागतील."

फोटोंसाठी मी समरूप त्रिकोण निवडले. काठीची उंची माहीत असावी, तिची सावली मोजावी, झाडाची सावली मोजावी आणि झाडावर न चढता झाडाची उंची सांगावी. आळशी माणसाला याहून सुंदर प्रमेय सापडणार नाही. अडचण काठीची होती. शाळेची एकमेव मीटरपट्टी शिक्षकांच्या खोलीची खिडकी उघडी धरायला लावलेली आहे, आणि ती काढली तर खिडकी पडते. शिवाय पट्टी फोटोत उठून दिसत नाही. तेव्हा पट्टीच्या जागी मी स्वतः उभं राहायचं ठरवलं. शाळेच्या आवारात झाडं फार, सावलीत सावली मिसळते. म्हणून आठवीचा अख्खा वर्ग घेऊन मी माझ्याच इमारतीच्या अंगणात आलो.

गल्लीत चोवीस मुलं आणि एक अनवाणी मास्तर दिसल्यावर इमारत सल्ला न देता कशी राहील? दुसऱ्या मजल्यावरून अर्जकाका ओरडले, "सर, सावली तिरकी पडलीय! सरळ होईपर्यंत थांबा!" अर्जकाका हे निवृत्त कारकून. नळाला पाणी आलं नाही तरी आणि आलं तरी ते अर्ज करतात. तळमजल्यावरच्या शिंप्यानं आपला कापडी टेप आम्हाला दिला होता आणि त्या बदल्यात दुकानाच्या दारातून देखरेख चालवली होती. "सर, मान ताठ. पोट आत. खांदे पाडू नका."

"पोटाचा काय संबंध? मी उंची मोजतोय."

"पोट आत गेलं की माणूस वर जातो, सर. आमचा धंदाच आहे तो."

चपला मी मुद्दाम काढल्या होत्या. शास्त्र म्हणजे शास्त्र. फरशी अशी तापली होती की माझा प्रत्येक पाय दुसऱ्याकडे आळीपाळीने दाद मागत होता. त्यावर मुलांची तक्रार, "सर, हलू नका, सावली नाचतेय."

आणि त्यात ती. तिचं खरं नाव हजेरीपटात आहे, पण सगळी शाळा तिला 'पण-सर' म्हणते, कारण तिचं कुठलंही वाक्य त्याच दोन शब्दांनी सुरू होतं.

"पण सर, तुमची उंची एकशे बहात्तर आहे हे कोणी मोजलं?"

"ते मोजायचं नसतं. ते दिलेलं आहे."

"कोणी दिलेलं?"

"मी."

"पण सर, गणित तुम्हीच घातलंत, दिलेलंही तुम्हीच दिलंत, मग..."

"दिलेल्यावर शंका घ्यायची नसते. खाली बस."

आम्ही सगळे अंगणात उभे होतो. तरी ती बसली. त्या फरशीवर. (इथे माझा एक गुण कापावा.)

सिद्धता

इमारतीची सावली भागिले माझी सावली, बरोबर ९.२. म्हणजे माझ्यासारखे नऊ मास्तर एकावर एक उभे केले आणि वर दहाव्याची नडगी ठेवली की इमारत होते. १७२ गुणिले ९.२, म्हणजे १५८२.४ सेंटिमीटर. उत्तर : १५.८२ मीटर.

मुलांनी तक्ता केला. इमारत पिवळी, सूर्य लाल आणि मी काळा. खाली मी लाल शाईनं लिहिलं, 'तपासले. बरोबर.' आणि सही ठोकली. माझ्या सहीला एक वळण आहे, ते त्या दिवशी विशेष साधलं होतं.

शाळेच्या प्रदर्शनाला पाहुणे म्हणून बांधकाम परवानगी विभागाचे उपअभियंता आले. पाहुणे तक्त्यासमोर साधारण तीन सेकंद थांबतात. हे चार मिनिटं थांबले. मग खिशातून वही काढली. माझ्या आयुष्यात माझं काही उतरवून घेणारा हा पहिला मोठा माणूस. मी विरघळलोच.

"इमारत कुठे आहे ही?"

मी पत्ता दिला. खुणा सांगितल्या. कुठल्या वळणावर गाडी लावावी हेही सांगितलं. "चौथा मजला, जिन्यासमोरचंच दार. चहाला या."

आठ दिवसांनी ते आले नाहीत, नोटीस आली. मंजूर नकाशानुसार इमारतीची उंची पंधरा मीटरपर्यंत. प्रत्यक्ष उंची १५.८२ मीटर, वरचे ब्याऐंशी सेंटिमीटर बांधकाम का पाडू नये, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा. पुरावा म्हणून सोबत आमच्या तक्त्याचा फोटो होता. त्यात माझा काळा आकार आणि खाली 'तपासले. बरोबर.' लाल शाई फोटोतसुद्धा ताजी दिसत होती.

बायको भिंतीजवळ स्टूल घेऊन चढली आणि छतापासून खाली ब्याऐंशी सेंटिमीटर मोजून तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली. रेघेच्या वर पंखा होता, माळा होता आणि माळ्यावर आमच्या संसारातली सगळी 'लागेल कधीतरी' भांडी होती.

"अहो, हे सगळं जाणार?"

"गणितानुसार."

"मग गणित चूक आहे म्हणून सांगा."

इथेच घोडं पेंड खात होतं. गणित बरोबर असेल तर माझं घर बेकायदा. घर कायदेशीर असेल तर सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभा असलेला मी आठवीच्या गणितात नापास, तेही अर्ध्या शहरानं पाहिलेल्या तक्त्यावर. रस्त्यावर आलेल्या माणसाला लोक निदान बिचारा म्हणतात. नापास मास्तरला कोणी काही म्हणत नाही, नुसते बघतात.

जिन्यात सभा भरली. अर्जकाकांनी खुलाशाचा मसुदा आणला होता. त्यात 'सदर शिक्षकांचे गणित पूर्वीपासून कच्चे असून' असं वाक्य होतं.

"हे काढा," मी म्हणालो.

"का? जोर येतो त्यानं."

"माझ्यावर येतो."

"सर, घर हवंय की गणित?"

मी क्षणभर गप्प राहिलो. तो क्षण बायकोनं मोजला असावा, कारण त्यानंतर दोन दिवस चहा कपात अर्धाच आला.

मग कोणीतरी दोरी सुचवली. गच्चीवरून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली, टोकाला कुलूप बांधलं. पहिल्या खेपेला १५.३ मीटर भरली, दुसऱ्या खेपेला १४.६. दोरी ताणली की इमारत उतरायची, सैल धरली की चढायची. तिसऱ्या खेपेला कुलूप तळमजल्याच्या शिंप्याच्या पाटीवर पडलं आणि 'उत्तम शिलाई' मधला 'उत्तम' गेला. शिंपी म्हणाला, राहू दे, आहे ते खरं तरी आहे.

शेवटी मी उपअभियंत्यांच्या कार्यालयात गेलो. "साहेब, तुम्हीच येऊन टेप लावून बघा ना."

"टेप दहा मीटरचा आहे. मोठ्याची मागणी नोंदवलीय. तीन वर्षं झाली."

"मग दोनदा लावा."

"मधल्या खुणेची जबाबदारी कोण घेणार?" त्यांनी फाइल उघडली आणि अचानक त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि सर, कशाला मोजायचं? तुमची रीत निर्दोष आहे. मी घरी तीनदा करून बघितली. मुलाला समजावली. सर, शाळेत मी गणितात काठावर पास होत आलो. अभियंता कसा झालो ते विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा एक गणित मला मुळापासून कळलं, आणि ते तुमचं आहे. आता तुम्हीच म्हणताय, ते चूक ठरवा म्हणून?"

सव्वीस वर्षांत माझं शिकवणं एका माणसाच्या काळजाला जाऊन भिडलं होतं, आणि तो माणूस माझं छत पाडणार होता. मी त्यांचा हात हातात घेतला. दुसरं काय करणार?

सिद्धता (पुढे चालू)

दुसऱ्या दिवशी मी तो तक्ता वर्गात टांगला. "मुलांनो, यात चूक शोधा. शोधणाऱ्याला दहापैकी दहा."

चूक काढायची म्हटल्यावर वर्गाला जे चैतन्य आलं ते मी उत्तर काढायला सांगितल्यावर कधी पाहिलं नव्हतं. एकजण म्हणाला, सूर्य वाकडा असेल. दुसरा म्हणाला, इमारत तेव्हा श्वास घेत असेल. पण-सर खिडकीबाहेर बघत होती.

"तू का गप्प?"

"तुम्ही खाली बस म्हणाला होतात."

"बरं, ऊठ. बोल."

"पण सर, दिलेल्यावर शंका घ्यायची नसते."

वर्गात कोणीतरी खुसकन हसलं. मी म्हणालो, "घे शंका."

"आपण तुम्हाला मोजूया."

मी तास संपायच्या सात मिनिटं आधी तास संपवला. मास्तरला मोजत नसतात.

पण ते डोक्यात राहिलं. संध्याकाळी इमारतीत शिरताना शिंप्यानं हाक मारली. "सर, एक विचारू? राग नका मानू. ते तक्त्यावरचं एकशे बहात्तर कुणाचं आहे?"

"माझं."

"मग पँट कुणाच्या शिवतो मी?"

त्यानं पडद्यामागे नेऊन मला भिंतीला उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि टेप लावला. मग पुन्हा लावला. एकशे त्रेसष्ट.

एकशे बहात्तर आलं कुठून ते सांगायलाच हवं. तरुणपणी लायसन्सचा फॉर्म भरताना 'उंची' असा रकाना होता. १६३ ची आसन्न किंमत जवळच्या दहात १६० येते, हे मला माहीत होतं. पण पटेना, म्हणून १७० लिहिलं. १७० हा आकडा मात्र अंदाजानं लिहिल्यासारखा दिसत होता. खरा वाटावा म्हणून त्यात दोन घातले. मोजल्याशिवाय कोण बहात्तर लिहील? पुढे नोकरीत तोच लिहिला, लग्न ठरताना तोच सांगितला, आणि हळूहळू मला तो खराच वाटायला लागला. बायकोची उंची १६५ आहे. ती माझ्यापेक्षा किंचित उंच दिसते, तर आमच्या घराच्या फरशीला उतार आहे असं मी एकोणीस वर्षं मानत आलो. ती जिथे उभी राहील ती बाजू चढाची.

पडद्यामागेच मी शिंप्याच्या खडूनं पुठ्ठ्यावर गुणाकार केला. १६३ गुणिले ९.२. चौदाशे नव्याण्णव पूर्णांक सहा. पंधरा मीटरला चार मिलिमीटर कमी!

"सर, हसताय की रडताय?"

"दोन्ही. घर वाचलं."

"आणि?"

"आणि काही नाही. माझ्यातले नऊ सेंटिमीटर गेले."

दुसरी रीत

"तोंडी उंची चालत नाही," उपअभियंता म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांचं एकुलतं एक गणित मी मोडत होतो. "लायसन्सवर काय आहे? एकशे बहात्तर. कागदोपत्री तुम्ही १७२, म्हणून इमारत १५.८२. आधी स्वतः कमी होऊन या, मग इमारत बघू."

"इथेच मोजा मला."

"हा बांधकाम विभाग आहे, सर. आम्ही माणसं मोजत नाही."

लायसन्सच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोन्ही बाजूंनी बघितला. "उंचीत वाढ झाल्याचा अर्ज आहे. घट झाल्याचा नाही."

"मग वाढ उणे नऊ लिहितो."

"उणे लिहायला जागा नाही रकान्यात."

"बाई, उणे संख्या सातवीत शिकवतो आम्ही!"

"सातवीत चालत असेल. डॉक्टरचा दाखला आणा."

डॉक्टर सज्जन माणूस. "वयानं माणूस सेंटिमीटर दोन सेंटिमीटर झिजतो. तुम्ही नऊ झिजलात? करता काय?"

"शिकवतो."

"मग शक्य आहे." त्यांनी मला मोजपट्टीखाली उभं केलं. "एकशे त्रेसष्ट पूर्णांक पाच."

मी ओरडलोच. १६३.५ म्हणजे इमारत पंधरा मीटर चार सेंटिमीटर! ज्या माणसानं नऊ सेंटिमीटर हसत हसत पदरात पाडून घेतले होते, तो आता अर्ध्या सेंटिमीटरसाठी डॉक्टरांच्या पाया पडत होता. "केस दाबा. अजून दाबा. सकाळी माणूस जरा लांब असतो ना? मी संध्याकाळी येऊ?"

संध्याकाळी केसांना पाणी चापून, दिवसभर उभ्यानं आठ तास घेऊन गेलो. एकशे त्रेसष्ट. दाखल्यावर शिक्का बसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एवढा बुटका होऊन एवढा खूश झालेला पेशंट पहिलाच."

वर्गात मी सगळं खरं सांगितलं. तक्त्यावर माझ्या 'बरोबर' वर लाल काट मारली आणि पण-सरला दहापैकी दहा दिले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती उभी राहिली.

"पण सर, सावल्या आपण शिंप्याच्या कापडी टेपनं मोजल्या. कापड ताणतं. त्या टेपला कोणी..."

मी तिला दहापैकी अकरा दिले आणि हात जोडले. चार मिलिमीटरवर माझा संसार उभा होता.

ताळा

दाखला पुरेना. नियमानुसार अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीचं निवेदन हवं होतं. पत्नी असल्यास पत्नीचं. निवेदन नाही तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही तर १७२, आणि खुलाशाची मुदत त्याच दिवशी संपत होती.

बायकोला मी त्रेसष्टचं सांगितलं नव्हतं. 'नोटिशीच्या कामात तुझी एक सही लागते' एवढंच सांगून तिला खिडकीपाशी आणलं. वाटलं होतं की बाई फॉर्म सरकवतील, ती न वाचता सही करेल. बाई स्वतःच प्रश्न वाचायला लागल्या. मोठ्यानं. मागे रांग होती.

"अर्जदाराला केव्हापासून ओळखता?"

"एकोणीस वर्षं."

"अर्जदाराची खरी उंची?"

मी घाईघाईनं दाखला पुढे केला. तिनं तो बघितलासुद्धा नाही.

"एकशे त्रेसष्ट."

"ही माहिती आपल्याला केव्हापासून आहे?"

"एकोणीस वर्षं."

रांगेतला एकजण खोकला. मी हळूच म्हणालो, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही फरशीला नावं ठेवायचात. ती काही बोलली नाही, मी कशाला बोलू?"

बाईंनी उत्तरं लिहून फॉर्म फिरवला. "इथे सही करा. आणि हा खालचा रकाना भरा, रिकामा ठेवायचा नसतो. 'अर्जदाराच्या इतर तपशिलांत काही दुरुस्ती सुचवायची असल्यास लिहावे.' बहुतेक लोक 'नाही' लिहितात."

बायकोनं आधी सही केली. ठळक, नीट, मुदतीच्या आत. माझा जीव भांड्यात पडला. आमचं छत, पंखा, माळा, माळ्यावरची भांडी, सगळं एका सहीत जागच्या जागी बसलं. मग तिनं खालचा रकाना वाचला. त्यात दोन ओळींची जागा होती. तिनं त्या दोन ओळींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पायांपासून वरपर्यंत, आणि वरपर्यंत यायला तिला फार वेळ लागला नाही.

"ताई," तिनं खिडकीत विचारलं, "पुरवणी मिळेल का?"

परीक्षेच्या वर्गात मी सव्वीस वर्षं पहारा केला आहे. पुरवणी मागताना ज्याचा आवाज असा शांत असतो, त्याला सगळं येत असतं. बाईंनी चार कोरी पानं दिली, वर बांधायला दोरा दिला. रांगेतल्या लोकांनी आपणहून तिला बाकावर जागा करून दिली. मी अर्ज हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो, पोट आपोआप आत गेलेलं, आणि ती पहिल्या पानावर समास आखत होती.